दारावर जायला दारच नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला राहतो, वय ४६, एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. अहमद जमाल नावाचे अमेरिकन जॅझ पियानोवादक १६ एप्रिल २०२३ रोजी वारले, वयाच्या ९२ व्या वर्षी. पंधरा वर्षं मी त्यांना रोज रात्री ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बातमी कळली आणि ऑफिसात बसल्या जागी रडू फुटलं. घरी आई म्हणाली, "तो तुना कोन व्हता रे?" बायको त्याच्या पुढे गेली. म्हणाली, "नाना गेले तेव्हा तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं." खरंच नव्हतं. वडील आदल्या पावसाळ्यात गेले होते.

त्याच आठवड्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती, पितरांच्या नावानं घागर भरायचा सण. नानांची पहिली घागर. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उमटवताना पणजोबा, आजोबा, नाना अशी नावं घेतली आणि पुढचं एक बोट आपसूक उमटलं. नाव मनातच घेतलं, पण तेव्हापासून अपराधी वाटतं. जमालांचं वाजवणं तर ऐकवतच नाही.

जमालांना मानणारे आम्ही चौघं आहोत. मी, भुसावळचे एक निवृत्त रेल्वे गार्ड, चाळीसगावचे तबल्याचे मास्तर आणि धुळ्याचा इंजिनिअरिंगचा मुलगा. येत्या १६ एप्रिलला काहीतरी करू म्हणतोय. गार्डसाहेबांना हॉल, फोटो, हार, समई, पाहुणे सगळं हवं. मास्तर म्हणतात, जमाल मुसलमान होते, फोटोला हार घालायचा नाही. मुलगा म्हणतो, नुसतं ऐकू. यावरून अबोला धरण्यापर्यंत पाळी आली आहे. कोणाचं बरोबर? आणि माझं काय चुकतंय?

एक श्रोता, अमळनेर

* * *

भाऊ,

तुमच्या आईंपासून सुरुवात करते, कारण त्यांनी टोमणा मारला असं मला वाटत नाही. आपल्याकडे मरणाचं सगळं नात्यावर चालतं. खांदा कोणी द्यायचा, मडकं कोणी धरायचं, सुतक कोणाला किती दिवसांचं, गंधमुक्तीला दुखवट्याचे कपडे कोणाकडून यायचे, सगळं ठरलेलं. रडण्याचीसुद्धा जागा ठरलेली असते. लेक बाहेरगावाहून आली की दारातच हंबरडा फोडते, सुनेनं आत रडायचं. "कोन व्हता" असं विचारून आई तुम्हाला कुठे बसवायचं ते बघत होत्या. जागा त्यांना सापडली नाही आणि तुम्हालाही सापडली नाही. कोणी गेलं की आपण दारावर जातो, तासभर गप्प बसतो, चहा नको म्हणतो, निघतो. त्यात काहीच घडत नाही असं वाटतं, पण बरंचसं ओझं तिथेच उतरलेलं असतं. तुम्हाला जायला दारच नव्हतं. असलंच तर ते मॅसेच्युसेट्समध्ये, आणि तिथे तुम्हाला कोण ओळखतं?

पण आईंना हेही विचारा. पंचक्रोशीत नाव असलेला, वहीची लोकगाणी म्हणणारा वहीगायक गेला, एखादे कीर्तनकार बुवा गेले, तर ट्रॉल्या भरभरून माणसं जातात ना? ती काय सगळी भाऊबंद असतात? बुवांनी त्यांतल्या निम्म्यांचं तोंडही पाहिलेलं नसतं. तिथे नातं कोणी विचारत नाही, कारण प्रत्येकानं बुवांना कधी ना कधी रात्रभर ऐकलेलं असतं. तुमचं दुःख त्याच जातकुळीचं आहे. फक्त अमळनेरहून निघालेल्या ट्रॉलीत तुम्ही एकटेच बसलात.

बरं, ९२ वर्षं! अशा मरणाला आपण सोनं झालं म्हणतो, टाळ-मृदंग लावून नेतो. हा माणूस वयाच्या तिसऱ्या वर्षी पियानोला बसला आणि ८९ व्या वर्षी, २०१९ मध्ये, त्याचा नवा अल्बम बाजारात आला. अकाली काही घडलं नाही, कोणी अन्याय केला नाही. मग रडू कशाचं?

इथे तुम्हाला थोडं अडचणीत टाकते. सगळ्यात जास्त काय ऐकलंत हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैज लावते, 'पर्शिंग' ही ध्वनिमुद्रिका. माझं माहेर भुसावळ. लहानपणी रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन घरांवरून जाताना पियानो कानावर पडायचा, त्यातूनच मला हा नाद लागला, तेव्हा एवढी पैज लावायचा मला हक्क आहे. १६ जानेवारी १९५८, शिकागो, पर्शिंग हॉटेलचा लाउंज. पियानोवर जमाल, बासवर इस्राएल क्रॉसबी, ड्रम्सवर व्हर्नेल फोर्निए. मागे ग्लास किणकिणताहेत, कोणीतरी बोलतंय, आणि त्या गलक्यात आठ मिनिटांचं 'पॉइन्सियाना'. पहिल्यांदा ऐकताना ड्रम्सवर दोन माणसं बसली आहेत असंच वाटतं. फोर्निए न्यू ऑर्लिन्सचे, तिकडचा ठेका त्यांनी एकट्यानं दोन हातांत बसवलेला. खाली क्रॉसबी बासची ओळ फिरवत राहतात, घाई नाही, आळस नाही. आणि जमाल? दोन सूर टाकतात आणि थांबतात. पुन्हा एखादी छोटी फिरत, पुन्हा थांबतात. ते थांबले की खालचे दोघे वर येतात. पियानोवाल्यानं इतकं कमी वाजवून मैफल आपल्या नावावर करावी, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

तर हे क्रॉसबी १९६२ मध्येच वारले. फोर्निए २००० मध्ये. तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा त्या तिघांतले दोघे केव्हाच गेले होते. रोज रात्री तुम्ही गेलेल्या माणसाचा बास ऐकत होतात आणि मजेत झोपत होतात. क्रॉसबींसाठी कधी डोळे ओले झाले?

दोष देत नाही. एवढंच दाखवतेय की १६ एप्रिलला ध्वनिमुद्रणातला एक सूरही इकडचा तिकडे झाला नाही. गेलं ते बाहेरचं. तुम्ही इथे कापसाच्या गाठींचा हिशेब लिहीत असताना जगात कुठेतरी तो माणूस आहे, जेवतोय, कोणावर तरी चिडतोय, पियानोचं झाकण उघडतोय, ही तुमची रोजची सोबत होती. भेट कधी व्हायची नव्हती, पण माणूस होता. ती सोबत सुटली, म्हणून रडलात. यात लाजण्यासारखं काय आहे?

वहिनींचं वाक्य मात्र इतकं सोपं नाही. त्यावर एक तयार उत्तर आहे आणि ते तुम्हाला कोणीतरी देईलच, की तुम्ही खरं तर नानांसाठी रडलात, साठलेलं पाणी दुसऱ्या वाटेनं फुटलं. ऐकायला छान वाटतं. मला पटत नाही. त्यात नानांचा मान राहत नाही आणि जमालांचाही.

नाना गेले त्या दिवशी तुम्ही कामावर होता. पावसाळा, म्हणजे आधी कोरडी लाकडं शोधा. सुरतचे नातलग निघाले का, कुठवर आले, त्यांच्यासाठी थांबायचं की नाही. गुरुजी, तिरडीचं सामान, मग मांडव, आचारी, पत्रिका. दहावं-तेरावं झालं की मृत्यूचा दाखला, बँक, सातबाऱ्यावर वारसांची नावं. तलाठ्याकडच्या चकरा संपेपर्यंत रडायची वेळ टळून गेलेली असते. शिवाय मुलाला आपण रडू देतच नाही. "तूच खचलास तर आईकडे कोण बघेल" असं म्हणत पहिल्याच तासात त्याला उभं करतात, आणि तो उभा राहतो तो राहतोच. जमाल गेले तेव्हा तुमच्यावर एकही काम नव्हतं. फोन करायचे नव्हते, लाकडं आणायची नव्हती. मोकळे होतात, म्हणून रडू आलं. कोणावर माया किती, हे त्यावरून मोजायचं नसतं.

हे वहिनींना जरूर सांगा, पण वकिली करायला म्हणून सांगू नका. नानांचं शेवटचं दुखणं कोणी काढलं? तुम्ही लिहिलं नाही, पण घरोघरी ते कोणाच्या वाट्याला येतं ते मला ठाऊक आहे. त्यांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. जॅझवरचा राग त्यात मला कुठे दिसला नाही. नाना गेल्यापासून या घरात त्यांचं नाव निघत नाही, असं मात्र ऐकू आलं. औषधाच्या वेळा, उशाशी ठेवलेलं भांडं, रात्री मारलेल्या हाका, हे सगळं त्या एकट्या घेऊन बसल्या असतील. एका रात्री जेवणं आटोपल्यावर विचारा त्यांना, नाना शेवटी शेवटी काय बोलायचे, काय खायला मागायचे. आणि मध्ये न बोलता ऐका. ऐकण्याचा सराव तुम्हाला चांगला आहे.

आता कुंकवाचं ते जास्तीचं बोट. शास्त्र मला विचारू नका, पंचांगाचं सदर दुसरे गृहस्थ लिहितात. मला वाटतं ते सांगते. घागर, तिच्यावरचं डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या, चुलीत टाकायची नैवेद्याची आगारी, हे घरच्या पितरांचं आहे आणि त्यांचंच राहू द्या. जमालांची वेगळी घागर भरायचं मनात असेल तर भरू नका. जन्माचं नाव फ्रेडरिक रसेल जोन्स. विशीच्या आसपास त्यांनी इस्लाम स्वीकारला, नाव बदललं आणि पुढची सत्तर वर्षं त्या नावानं, त्या श्रद्धेनं जगले. त्यांच्यासाठी करायचं ते त्यांच्या माणसांनी केलं असेल. आपण प्रेमापोटी का होईना, त्यांना न विचारता आपल्या पितरांच्या पंगतीला बसवणं मला बरं वाटत नाही.

पण मनात नाव आलं, त्याचं पाप लावून घेऊ नका. मन सोवळ्यात नसतं. आणि २०२३ ची आखाजी आठवून बघा. २२ एप्रिल, त्याच दिवशी रमजान ईद होती. गावात कितीतरी घरांत त्या दिवशी आमरस आणि शिरखुर्मा एकाच टेबलावर आले असतील. अशा दिवशी उंबरठ्यावर एक परकं नाव डोकावून गेलं म्हणून तुमचे पणजोबा रागावतील, असं मला तरी वाटत नाही.

ऐकवत नाही म्हणता, तर जबरदस्ती करू नका. दोन वाटा सुचवते. पहिली जरा लबाडीची आहे. पर्शिंग लावा आणि जमालांकडे लक्षच देऊ नका. एक रात्र फक्त क्रॉसबी ऐका, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, बास सोडून दुसरं काही नाही. दुसऱ्या रात्री फोर्निए. तबल्याचे मास्तर हाताशी आहेत, त्यांना ठेका हातावर मोजून दाखवायला सांगा, त्यांनाही मजा येईल. पियानो मधूनमधून कानावर पडेलच, पण तो पाहुण्यासारखा येईल. दुसरी वाट अशी, की ज्याला तुमच्या आठवणी चिकटलेल्या नाहीत असं काही ऐका. सिअ‍ॅटलच्या पेंटहाउस क्लबमधली १९६० च्या दशकातली त्यांची ध्वनिमुद्रणं इतकी वर्षं पडून होती. ती २०२२ पासून बाहेर आली आणि शेवटचा संच तर जमाल गेल्यानंतर, २०२३ मध्येच निघाला. म्हणजे हा माणूस गेल्यावरही तुमच्यासाठी नवं वाजवतोय, आणि तुम्ही दार लावून बसलात.

जमालांचं स्वतःचं काय झालं होतं तेही बघा. १९६२ मध्ये ते त्रिकूट मोडलं. क्रॉसबी आणि फोर्निए दोघेही जॉर्ज शीअरिंग या दुसऱ्या पियानोवादकाकडे वाजवायला गेले आणि काही महिन्यांतच क्रॉसबी वारले. 'पॉइन्सियाना' क्रॉसबींच्या आठवणीखातर कपाटात ठेवून द्यायला हरकत नव्हती. जमालांनी तसं केलं नाही. पुढची पन्नासेक वर्षं दुसरे बासवाले, दुसरे ड्रमर घेऊन ते तीच रचना वाजवत राहिले, दर वेळी वेगळी.

राहता राहिलं तुमचं भांडण. गार्डसाहेबांचा हॉल नको. तिथे काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स, त्यावर जमालांचा फोटो एवढासा आणि शुभेच्छुकांचे मोठे. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा येणार, "जमालसाहेबांसारखी माणसं आता होणे नाही" म्हणणार आणि पुढच्या लग्नाला पळणार. ऐकणं राहतं बाजूलाच. पण गार्डसाहेबांचं म्हणणं नुसतं धुडकावू नका. या नादापायी आयुष्यभर त्यांना वेडा म्हणून घ्यावं लागलं असेल, निदान एक दिवस चार लोकांनी मान द्यावा, इतकं त्यांना वाटणारच. तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटं त्यांना द्या. जमाल त्यांना कुठे, कोणाकडून, कसे सापडले, ते त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

हाराच्या बाबतीत मास्तर बरोबर आहेत. फोटो ठेवायचाच असेल तर पर्शिंगच्या मुखपृष्ठाचा नुसता ठेवा. हार नको, समई नको, उदबत्ती नको. 'बसायचा' बेतही नको. शिकागोत जमालांनी अलहम्ब्रा नावाचं रेस्टॉरंट काढलं होतं, त्यात दारू ठेवत नव्हते. चाललं नाही फार दिवस, पण ठेवली नाही. त्यांच्या नावानं जमायचं तर पन्हं प्या.

आणि धुळ्याचा मुलगा. नुसतं ऐकू, हे त्याचं म्हणणं सगळ्यात खरं. माझा अंदाज आहे की तो रॅपमधून इकडे आला असावा. १९९४ मध्ये नॅस या अमेरिकन रॅपरनं एका गाण्यात जमालांच्या 'द अवेकनिंग' या १९७० च्या अल्बममधला पियानो घेतला होता, आणि या वयाची बरीच पोरं त्याच दारानं आत येतात. त्याला ते गाणं लावू द्या, लगेच पाठोपाठ मूळ लावा. तुम्ही तिघांनी नाकं मुरडायची नाहीत. पर्शिंग आलं तेव्हा कितीतरी जाणकारांनी जमालांना हॉटेलात जेवताना वाजवायचं वाजवणारा म्हणून मोडीत काढलं होतं. ती ध्वनिमुद्रिका खपाच्या यादीत दोन वर्षांहून जास्त टिकली, आणि खुद्द माइल्स डेव्हिस, जॅझमधला एवढा मोठा ट्रम्पेटवाला, आपल्या पियानोवाल्याला जमालांसारखं वाजव म्हणून सांगत असे. कोणाचे कान कच्चे, हे ठरवायची घाई करू नये.

जमायचं तुमच्या गच्चीवर, रात्री दहानंतर. आधी नको. १६ एप्रिलला आपल्याकडे पारा कुठे असतो ते सांगायला नको, आणि कूलर लावून जमाल ऐकता येत नाहीत. मी करून बघितलंय. फोर्निएंचे ब्रश त्या घरघरीत पार बुडतात आणि जमालांच्या थांबण्याच्या जागी फक्त कूलर ऐकू येतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून ठेवा, दहापर्यंत फरशी बसण्याजोगी होते. गार्डसाहेब सुरत लाइनच्या गाडीनं येतील, मुलगा एसटीनं. दोघांची झोपायची सोय करून ठेवा, रात्री परत पाठवू नका. वहिनींना आणि आईंना वर बोलवा, पण ऐकलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. आई पाच मिनिटांत उठून गेल्या तरी चालेल. भुसावळचे पाहुणे भरीत मागतील, त्यांना सांगा, बामणोदची वांगी हिवाळ्यात, आता शेवभाजीवर भागवा.

फोटोला हार घालायचा नाही, हे मास्तरांनी नको, तुम्हीच बोलून टाका. हॉल मात्र माझ्या नावावर रद्द करा. माहेरच्या बाईनं सांगितलंय म्हटल्यावर गार्डसाहेब फार ताणून धरणार नाहीत.